मॉरिस मायनरचा टिकटिक करणारा पेट्रोल पंप खरंच गेला आहे, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १९६० ची मॉरिस मायनर १०००, पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आता किल्ली फिरवली की फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) एसयू कंपनीच्या इलेक्ट्रिक पेट्रोल पंपाची टिकटिक कधी येते, कधी येतच नाही. आली तरी चार-पाच किलोमीटरवर गाडी धक्के देत बंद पडते. मेकॅनिकचं म्हणणं, पंप गेला, तो काढून बाजारातला चौकोनी इलेक्ट्रिक पंप बसवू.

कृपया तो पंप अजून काढू देऊ नका. आमच्या घरी मायनर आहे आणि ओळखीपाळखीच्या गाड्यांचे हे पंप मी आवडीने उघडत आलो आहे. ‘पंप गेला’ म्हणून हातात आलेल्या पंपांपैकी खरोखर निकामी झालेले थोडेच असतात. बाकीच्यांत कुठे अर्थिंग (पंपाची बॉडीशी विजेची जोडणी) गेलेलं असतं, कुठे पॉइंटवर, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, काजळी धरलेली असते, तर कुठे पंप ठणठणीत असून टाकीकडची लाइनच चोक असते. हा पंप दुरुस्त करता यावा म्हणूनच तसा बनवला आहे आणि काय दुखतंय ते तो आवाजावरून बऱ्यापैकी सांगतो. तो आवाज समजण्यासाठी आत काय चालतं ते आधी सांगतो. ते डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप सुचतील.

किल्ली फिरवली की पंपातल्या बंद पॉइंटमधून कॉइलला करंट मिळतो. कॉइल लोखंडी आर्मेचर ओढते, त्याला जोडलेला डायफ्राम (लवचीक पडदा) मागे येतो आणि टाकीकडून पेट्रोल खेचलं जातं. आर्मेचर टोकाला पोचलं की टॉगल, म्हणजे पॉइंट उघडबंद करणारी यंत्रणा, ‘टिक’ करून उलटतं, पॉइंट उघडतात आणि करंट तुटतो. आता स्प्रिंग डायफ्रामला पुढे ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. म्हणजे पेट्रोल खेचायचं काम वीज करते, ढकलायचं काम स्प्रिंग करते. कार्बोरेटरचं फ्लोट चेंबर (पेट्रोल साठायची वाटी) भरून त्याची निडल, म्हणजे सुईसारखी झडप, बंद झाली की स्प्रिंगला ढकलायला जागाच उरत नाही. पंप तिथेच थांबतो, आणि थांबतो तेव्हा पॉइंट उघडे असतात, करंट शून्य असतो. ही त्याची निरोगी शांतता.

पण टाकीकडून पेट्रोल येणंच बंद झालं, तर आर्मेचर अर्ध्यात अडकतं. पॉइंट बंदच राहतात, कॉइलमधून करंट वाहत राहतो आणि कॉइल तापत जाते. बाहेरून ऐकलं तर हीसुद्धा शांतताच. तिसरी शांतता म्हणजे वीजच न पोचण्याची, किंवा पोचली तरी पॉइंटमधून पुढे न जाण्याची. तीन वेगवेगळी कारणं आणि कानाला मात्र एकच लक्षण. त्यामुळे नुसता गप्प आहे म्हणून पंप मेला म्हणणं चूक आहे. कुठली शांतता आहे हे ठरवायचं, हेच खरं निदान.

कामाला लागण्याआधी काळजीचं बोलतो, कारण पेट्रोलजवळ ठिणगी हा चेष्टेचा विषय नाही. गाडी उघड्यावर आणा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, आसपास कोणी बिडी-सिगरेट ओढत नाही हे बघा. इंजिन गार होऊ द्या. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायची जुनी सवय कोणाला असेल तर ती आजपासून बंद. आणखी एक, मायनर कारखान्यातून शेवटपर्यंत पॉझिटिव्ह अर्थच आली. तुमच्या गाडीत कोणी बदल केला नसेल तर बॅटरीचं प्लस टर्मिनल बॉडीला असेल. बॅटरी सोडवताना अर्थची वायर आधी काढायची असते, म्हणजे इथे प्लसची.

सुरुवात पेट्रोलपासून करू नका, ठिणगीपासून करा. डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइल तापल्यावर दगा देते तेव्हाही गाडी अशीच काही किलोमीटरवर बंद पडते, आणि सगळा आळ पंपावर येतो. गाडी बंद पडली की लगेच, पेट्रोलची कुठलीही लाइन सोडवण्याआधी, एक प्लग काढून केबलला लावा, प्लगचं धातूचं अंग इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारून बघा. ठिणगी निळी, जोरकस असेल तर मगच पेट्रोलकडे वळा.

आता पहिली खरी तपासणी. कार्बोरेटरला येणारा पाइप फ्लोट चेंबरपासून सोडवा, त्याचं टोक काचेच्या बाटलीत धरा आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा, इंजिन चालू न करता. पाइप मोकळा असल्यामुळे निरोगी शांततेची शक्यता आपण काढून टाकली. चांगला पंप इथे झपाझप टिकटिक करत पेट्रोल सोडेल. मायनरच्या एल प्रकारच्या पंपाची क्षमता तासाला ८ इंग्लिश गॅलन, म्हणजे साधारण ३६ लिटर आहे. हिशेबाने मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्तच पडायला हवं. तुमचं ९४८ सीसी इंजिन रमतगमत चालवताना तासाला जेमतेम चार-पाच लिटर पितं. म्हणजे पंपाकडे भरपूर शिल्लक ताकद असते, आणि थोडा थकलेला पंपही गाडी सहज चालवतो. ‘पिकअप कमी झाला, पंप वीक झाला असेल’ या तर्कावर म्हणूनच माझा फारसा विश्वास नाही.

बाटलीत भरपूर पेट्रोल पडलं तर तुमचा पंप निर्दोष आहे. फ्लोट चेंबर उघडा, निडल अडकलेली असेल किंवा तळाला गाळ बसला असेल.

सुरुवातीला जोरात पडून धार हळूहळू बारीक झाली, टिकटिकही मंदावली आणि जड झाली, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. तुमच्या ‘चार-पाच किलोमीटरवर बंद पडते’ या वर्णनात मला याचाच सगळ्यात जास्त संशय येतो. लगेच टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि पंप पुन्हा पळायला लागला, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. पेट्रोल निघतं तेवढी हवा आत जायला हवी. ती न गेल्यामुळे टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप हतबल होतो. काम सुईने भोक साफ करण्याएवढं असतं. त्याने फरक पडला नाही तर पंपाच्या आत येणाऱ्या बाजूची जाळी काढून बघा. पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत पाणी साठतं, गंज सुटतो आणि त्याचा लालसर चिखल नेमका त्या जाळीवर येऊन बसतो. जाळी साफ असेल तर टाकीचं झाकण उघडं ठेवून, पंपापासून सोडवलेल्या लाइनमधून टाकीच्या दिशेने हवा मारा. कॉम्प्रेसरची हवा पंपातून मात्र कधीही मारू नका, आतले नाजूक व्हॉल्व कामातून जातात.

टिकटिक फार जलद आणि हलकी येतेय पण पेट्रोल थोडंच येतंय, असं असेल तर पंप हवा घेतोय. पाइपचं टोक बाटलीतल्या पेट्रोलमध्ये बुडवून धरा. पहिले काही बुडबुडे लाइनमधली जुनी हवा असते. पण बुडबुडे येतच राहिले तर टाकी ते पंप या भागात कुठेतरी हवा शिरतेय. गंमत अशी की या गळतीतून पेट्रोल बाहेर ठिबकेलच असं नाही, कारण तिथे दाब नसून ओढ असते. मायनरचा पंप पुढे आणि टाकी मागे असल्यामुळे ही ओढायची लाइन लांबलचक आहे. युनियन नट, रबरी नळीचे तुकडे, पंपाच्या जाळीचं वॉशर आणि पंपाच्या अंगाचे स्क्रू असे एकेक बघत जा. रबरी नळी वरून चांगली दिसली तरी हाताने वाकवून बघा. बारीक चिरा तेव्हाच दिसतात.

याउलट इंजिन बंद, किल्ली चालू आणि पाइप जागेवर असताना पंप दर दोन-तीन सेकंदांनी टिक करत राहतो का, तेही ऐका. फ्लोट चेंबरमधून पेट्रोल ओघळत असेल तर निडल बसत नाही. सगळं कोरडं असेल तर पाइप सोडवून पंपाच्या बाहेरच्या तोंडावर बोट घट्ट दाबा. चांगला पंप दहा-पंधरा सेकंद तरी गप्प राहतो. तरीही टिकटिकत राहिला तर त्याचा आत येणाऱ्या बाजूचा व्हॉल्व पेट्रोल परत टाकीकडे सोडतोय. बहुधा खाली कचऱ्याचा कण असतो.

आता मुख्य गोष्ट. पाइप मोकळा आहे, किल्ली चालू आहे आणि पंप पूर्ण गप्प आहे. बाटली झाकून बाजूला ठेवा, सोडवलेल्या पाइपला बूच मारा, सांडलेलं पेट्रोल पुसा आणि वाळू द्या. त्यानंतरच विजेच्या मागे लागायचं.

डॅशवरचा इग्निशनचा लाल दिवा लागतोय ना? लागत असेल तर स्विचपर्यंत सगळं ठीक आहे. पंपाला पांढरी वायर येते. मूळ वायरिंगमध्ये या वायरीला फ्यूज नसतो, म्हणून फ्यूज तपासण्यात वेळ घालवू नका. त्याच कारणाने ही वायर चुकून बॉडीला लागणार नाही याची काळजी घ्या. पुढेमागे तिथे छोटा इनलाइन फ्यूज टाकून घेतलात तर उत्तमच. मल्टिमीटर लावताना पॉझिटिव्ह अर्थ विसरू नका. लाल प्रोब बॉडीला, काळा पंपाच्या टर्मिनलला, नाहीतर आकडा उणे दिसेल.

पण नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. साठ वर्षांच्या कापडी वायरीत दोन तारा शिल्लक असल्या, तरी काही लोड नसताना मीटर १२ व्होल्ट दाखवतो. पंपाने करंट मागितला की तोच दाब कोसळतो. त्यापेक्षा ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि पंपाकडे येणारी वायर आणि बॉडी यांच्यात जोडा. जोडणी किल्ली बंद असताना करा, मग किल्ली फिरवा. बल्ब झगझगीत लागला तर सप्लाय खरा. मिणमिणता लागला तर स्विच, फ्यूज बॉक्सवरचं टर्मिनल किंवा मधलं एखादं जॉइंट खराब आहे.

यानंतर तेवढ्याच गांभीर्याने अर्थिंग बघा, कारण सगळे ते विसरतात. ओळखीच्या एका गृहस्थांची मायनर पूर्ण रंगवून आली आणि त्याच दिवसापासून पंप बंद. एका वर्कशॉपने त्यांना दुसरा पंप विकला, तोही चालेना. पंपाचं ब्रॅकेट काढल्यावर खाली नव्या रंगाचा सुंदर जाड थर होता, बोल्टाच्या भोकांतसुद्धा. पंपाला बॉडी मिळतच नव्हती. रंग खरवडून, पंपाच्या अंगावरच्या अर्थ स्क्रूपासून वेगळी वायर ओढल्यावर जुना पंप पहिल्या किल्लीला वाजायला लागला, आणि नवा डिकीत गेला. तपासणी सोपी आहे. पंप जोडलेला, किल्ली चालू, एक प्रोब पंपाच्या अंगावर, दुसरा बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर. मीटरने ०.२–०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग कच्चं आहे. मात्र मीटर शून्य असेल तर लगेच निर्धास्त होऊ नका. पॉइंटमधून करंट जातच नसेल तरी शून्यच येईल. तेव्हा सप्लायची वायर आणि पंपाचं अंग यांच्यात तोच २१ वॉटचा बल्ब लावून बघा. झगझगीत लागला तर अर्थिंग पक्कं.

सप्लाय आणि अर्थिंग दोन्ही खरे निघाले आणि तरीही पंप गप्प, मगच बोट पंपाकडे दाखवायचं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पंपाच्या कॉइलच्या धातूच्या अंगावर हलकेच टकटक करा. टोकाच्या काळ्या झाकणावर नको, ते बेकलाइटचं असतं आणि तडकतं. टकटक केल्यावर पंप चालू झाला तर आनंदाची गोष्ट आहे. कॉइल, वायर, अर्थिंग सगळं जिवंत आहे, फक्त पॉइंट घाण झालेत किंवा टॉगल सुस्त झालंय. तुमच्या ‘कधी येते, कधी येत नाही’ या टिकटिकीला हे नेमकं लागू पडतं. दमट हवेत महिनोन्‌महिने न वापरलेल्या पॉइंटवर पापुद्रा धरतोच. पण टकटक करून गाडी चालवत राहणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. एक दिवस घाटात ती टकटक चालणार नाही.

बॅटरी सोडवा, पंपाचं झाकण काढा. आत दोन छोटे पॉइंट दिसतील, टंगस्टनचे. स्पिरिटमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी पॉइंटच्या मध्ये धरून हलकेच ओढा, पट्टी काळी यायची थांबेपर्यंत. पॉलिश पेपर आधीच घासू नका. पॉइंटवर खड्डे पडले असतील, ते जळून निळे-काळे झाले असतील, तर आतला ठिणगी शोषणारा कंडेन्सर किंवा रेझिस्टर गेला असण्याची शक्यता आहे. तो न बदलता नवे पॉइंट टाकलेत तर तेही तसेच जळतील.

पॉइंट साफ आणि एकमेकांना टेकलेले, सप्लाय खरा, तरी हालचाल नाही. अशा वेळी किल्ली चालू ठेवून पंपाकडे येणाऱ्या वायरीवरचा व्होल्टेज, वायर पंपाला जोडलेली असताना आणि सोडवलेली असताना, असा दोन्हीदा मोजा. वायर जोडल्यावर व्होल्टेज थोडासा उतरत असेल आणि कॉइल कोमट होत असेल, तर करंट जातोय, म्हणजे आर्मेचर अडकलंय किंवा डायफ्राम ताठरलाय. काहीच फरक नसेल तर कॉइल तुटलेली. बॅटरी सोडवून, पॉइंटच्या मध्ये कागद ठेवून कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. काही मोजके ओहम यायला हवेत. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल गेली, आणि इथे ‘पंप गेला’ हे शब्द पहिल्यांदा खरे ठरतात.

डायफ्राम फाटला असेल तर कॉइलच्या बाजूने पेट्रोलचा वास येतो किंवा झाकणाच्या भोकातून ओल दिसते. अशा पंपाला त्या क्षणी वीज बंद करा, पुढे एकही तपासणी नको. आजच्या पेट्रोलचा इथे मोठा वाटा आहे. २०२३ पासून ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, विक्रीला येऊ लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं. म्हणून डायफ्राम आणि नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्याच मागा, जुन्या साठ्यातल्या ‘ओरिजिनल’ पाकिटाच्या मोहात पडू नका. डायफ्राम बदलताना आर्मेचरभोवतीचे अकरा पितळी रोलर सांडतील, ते मोजून ठेवा. नवा डायफ्राम आत पिळत नेऊन टॉगल उलटायचं थांबलं की, जिथे जेमतेम उलटतं तिथवर मागे यायचं आणि जवळच्या भोकाशी जुळवून आणखी चार भोकं, म्हणजे दोन तृतीयांश फेरा, मागे घ्यायचा. या एका सेटिंगवर पंपाचं सगळं आयुष्य अवलंबून असतं. ते घाईने करणाऱ्याकडे पंप देऊ नका.

उन्हाळ्यात घाट चढताना गाडी बंद पडत असेल तर वेगळा विचार करा. गरम इंजिनाजवळच्या लाइनमध्ये पेट्रोलची वाफ झाली की पंप वेड्यासारखा जलद टिकटिकतो, पण पेट्रोल पुढे जात नाही. पंपावर आणि लाइनवर ओलं फडकं टाकून थोड्या वेळात गाडी चालू झाली तर तो वाफेचा त्रास, पंपाचा दोष नाही. लाइन एक्झॉस्टपासून दूर बांधा.

आणि मेकॅनिकच्या त्या चौकोनी पंपाबद्दल. एसयू एल पंपाचा दाब जेमतेम दीड पीएसआय (दाबाचं एकक) असतो आणि मायनरच्या कार्बोरेटरची निडल तेवढाच दाब अडवायला बनवली आहे. बाजारातले बरेच चौकोनी पंप चार ते सात पीएसआय देतात. निडल उचलली जाते, पेट्रोल ओसंडून गरम एक्झॉस्टवर पडतं. आग अशीच लागते. प्रेशर रेग्युलेटर न लावता तसा पंप बसवू देऊ नका, आणि इंजेक्शनच्या गाडीचा पंप तर विचारातही नको. एसयूचाच घ्यायचा झाला तरी मागच्या बाजूला टाकीजवळ बसणारा एचपी प्रकारचा पंप दुकानदार गळ्यात मारेल, कारण दिसायला तो भावंडासारखा असतो. त्याचा दाब जास्त आहे. पंपावरच्या पट्टीवरचा नंबर बघून एल प्रकारचाच मागा. पॉइंटवाला साधा पंप कुठल्याही अर्थला चालतो, इलेक्ट्रॉनिक मात्र पॉझिटिव्ह अर्थचा की निगेटिव्हचा हे सांगूनच घ्यावा लागतो. उलट जोडला तर क्षणात जातो. मी स्वतः पॉइंटचाच ठेवतो. तो बिघडण्याआधी कुरकुरतो आणि रस्त्यात कागदाच्या पट्टीने सुधारतो.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज दोन गोष्टींवर आहे: पॉइंटवरची काजळी आणि जाळीतला गंज. आधी टाकीच्या झाकणाचं भोक, मग जाळी, मग पॉइंट असं बघा. बाटलीत मिनिटाला किती पेट्रोल पडलं, बल्ब कसा लागला आणि अर्थिंगचा आकडा किती आला, एवढं खाली लिहा. त्यावरून पुढचं नक्की सांगता येईल.